रस्किन लेसचा एक चौकोन कसा विणावा

व्हिक्टोरिया राणीच्या काळात नॉटिंगहॅमच्या यंत्रांवर लेस स्वस्तात निघू लागली आणि हातांनी लेस करणाऱ्या स्त्रियांचे काम सुटत गेले. अशा वेळी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, एल्टरवॉटर या खेड्यात, मॅरियन ट्वेल्व्ज यांनी 1883 च्या सुमारास अल्बर्ट फ्लेमिंग यांच्यासोबत गावातील स्त्रियांना पुन्हा चरख्यावर बसवले. या उपक्रमामागे इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या विचारांची प्रेरणा होती. पुढे त्याच भागातील केझिक या गावी गेल्यावर ट्वेल्व्ज यांनी 1894 मध्ये रस्किन यांच्या परवानगीने त्यांचे नाव आपल्या उद्योगाला दिले. ज्याला ग्रीक लेस म्हणत त्या जुन्या सुईकामाच्या धर्तीवर त्यांनी घडवलेली लेस आज रस्किन लेस म्हणून ओळखली जाते. हे काम कापडातूनच जन्मते, आणि म्हणूनच पहिल्या चौकोनासाठी कापडाची निवड नक्षीइतकीच गंभीरपणे करावी.

ज्याचे उभे-आडवे धागे सारख्या जाडीचे आहेत आणि सहज मोजता येतात, असे लिननचे पंधरा सेंटिमीटर चौरस कापड घ्यावे. त्याच जाडीचा लिननचा दोरा आणि बोथट टोकाची सुई हवी. सुती दोरा चालतो, परंतु लिननच्या दोऱ्याचा ताठपणा त्यात येत नाही, आणि या लेसचे सौंदर्य त्या ताठपणातच आहे.

कापडाच्या मध्यभागी पाच सेंटिमीटरचा चौकोन धाग्यावर धागा मोजून आखावा आणि त्याच्या कडेने धावदोऱ्याच्या दोन फेऱ्या घालाव्यात. मग चौकोनाच्या केंद्रापासून चारही कोपऱ्यांकडे कात्री चालवावी, मात्र कोपऱ्याच्या दोन धागे अलीकडे थांबावे, कारण तेथे एक धागा जास्त कापला गेला तर कोपरा पुढे कधीच नीट बसत नाही. तयार झालेले चार त्रिकोण मागे दुमडून दुमडीवर जवळजवळ वेढे टाके घालावेत. उरलेले कापड आताच कापू नये. ते कडेला आधार देत राहते.

यानंतर कापड जाड, गुळगुळीत कागदावर कच्च्या टाक्यांनी ताणून बसवावे. पुढचे सारे टाके कागदाच्या वर राहिले पाहिजेत. कर्णांवरून आणि मध्यरेषांवरून दोरा टाकून, परत येताना त्याच दोऱ्याला वेढे देत आठ आरे तयार करावेत. केंद्राशी प्रत्येक नव्या दोऱ्याने आधीच्या दोऱ्यांना पकडून घ्यावे. येथे घाई अजिबात करू नये. दोरा सैल असेल तर नक्षी लोंबते, फार ताणला तर चौकोनाची कड आत ओढली जाते, आणि दोन्ही दोष नंतर लपवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक आऱ्यानंतर कड सरळ आहे की नाही ते पाहावे.

आता कडेपासून आत त्रिकोण भरावेत. कडेवर डावीकडून उजवीकडे बारा काजटाके घालावेत, दोरा सरळ डावीकडे परत आणावा, आणि पुढच्या ओळीत त्या आडव्या दोऱ्यासह वरच्या फासांत टाके घेत प्रत्येक ओळीला एक टाका कमी करत जावे. शेवटचा टाका आऱ्याला घट्ट अडकवून, त्रिकोणाच्या बाजूने वेढे देत सुई पुन्हा कडेवर आणावी. सारे त्रिकोण सारखेच असले पाहिजेत असे नाही. आठ आऱ्यांची चौकट कायम ठेवून आत कोणता आकार भरायचा हे करणाऱ्या व्यक्तीने ठरवावे, असे मला मनापासून वाटते. ट्वेल्व्ज यांच्या उद्योगातील स्त्रियांची नजर याच कामाने घडली होती. 1900 मध्ये रस्किन यांच्या शवपेटीवर पांघरलेले, रानगुलाब भरलेले लिननचे वस्त्र याच उद्योगातून आले होते.

चौकोन पूर्ण झाला की कापड आणि कागद यांच्यामधील कच्चे टाके कापून कागद सोडवावा, मागचे त्रिकोण टाक्यांच्या अगदी जवळून छाटावेत, कोमट साबणपाण्यात कापड धुवावे आणि ओलसर असतानाच मऊ कापडाच्या घडीवर उलटे ठेवून इस्त्री करावी, म्हणजे काजटाक्यांचा उठाव दबत नाही.