सदस्यसंस्थेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: सोलापूर शाखेतील अनुभव

चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेच्या सोलापूर शाखेत कार्यकारिणीचा सदस्य म्हणून मी काही वर्षे काम केले आहे. या कामात येणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना सुरुवातीला दिसतात ते कार्यक्रम: व्याख्याने, पाहुण्यांचे सत्कार, १ जुलैचा सीए दिन. ते सर्व आवश्यक आहे, परंतु शाखेची खरी परीक्षा सभागृहात न येणाऱ्या सदस्यापाशी होते, असे माझे ठाम मत झाले आहे. करमाळ्यात किंवा सांगोल्यात एकट्याने कार्यालय चालवणाऱ्या, अडचण आली तर विचारायला शेजारी कोणी ज्येष्ठ नसलेल्या सदस्याला वर्षभरात शाखेचा काय उपयोग झाला, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारलाच पाहिजे.

त्यासाठी शाखेचे अधिकार कोठे संपतात, हे आधी नीट समजून घ्यावे. संस्था १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याने स्थापन झाली. तिचे मुख्यालय दिल्लीत, पश्चिम विभागीय परिषद मुंबईत आणि त्या परिषदेच्या अंतर्गत आपली शाखा. सदस्यत्व देणे, नोंदपुस्तकातून नाव कमी करणे किंवा शिस्तभंगाची कारवाई करणे यांपैकी काहीही शाखेच्या हाती नाही. तरीही सदस्य प्रथम शाखेच्याच दारात येतो, कारण दिल्ली त्याला दूर वाटते. अशा वेळी ‘बघतो, करून टाकू’ असे तोंडभर आश्वासन देण्यापेक्षा हे काम कोणत्या विभागाचे आहे, कोणता अर्ज लागतो आणि कोणती कागदपत्रे जोडावी लागतात, हे त्याच्यासमोर बसून सांगणे आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस करणे यालाच मी सेवा म्हणतो.

नव्या पदाधिकाऱ्याने सर्वांत अधिक वेळ सदस्यांच्या यादीला द्यावा. वार्षिक शुल्क १ एप्रिलला देय होते आणि ते भरण्याची अखेरची तारीख ३० सप्टेंबर असते. नेमक्या त्याच दिवशी प्राप्तिकराच्या लेखापरीक्षण अहवालाचीही मुदत संपत असल्यामुळे सदस्य पक्षकारांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला असतो आणि स्वतःचे शुल्क मात्र विसरतो. ही केवळ थकबाकीची बाब नाही. नाव नोंदपुस्तकातून कमी झाले की व्यवसायाचे प्रमाणपत्र निष्प्रभ होते आणि यूडीआयएन, म्हणजे सही केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राचा किंवा अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढता येत नाही. २०१९ मध्ये हा अठरा अंकी क्रमांक टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला: फेब्रुवारीपासून प्रमाणपत्रांना, एप्रिलपासून कर आणि जीएसटीच्या लेखापरीक्षणांना आणि जुलैपासून उर्वरित सर्व लेखापरीक्षण अहवालांना. त्यामुळे आज यूडीआयएनशिवाय केलेल्या सहीला किंमत उरलेली नाही. म्हणून थकीत सदस्यांना दूरध्वनी करण्याचे काम ऑगस्टमध्येच संपवावे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात कोणी फोन उचलत नाही.

हे दूरध्वनी शिपायाकडे किंवा सामूहिक संदेशावर सोपवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. अनेकदा शुल्क न भरण्यामागे विसराळूपणा नसतोच. ज्या कार्यालयात आर्टिकलशिप (सीए होण्यापूर्वीची उमेदवारी) केली तेथीलच जुना ईमेल पत्ता नोंदीत राहिलेला असतो, कोणी पुण्याला स्थलांतरित झालेले असते, तर कोणाच्या घरी दीर्घ आजारपण चाललेले असते. मला आठवते, शुल्कासाठी केलेल्या अशाच एका दूरध्वनीवर सदस्याच्या पत्नी बोलल्या आणि पतीचे डायलिसिस सुरू असल्याचे आम्हाला प्रथमच कळले. संकटात सापडलेल्या सदस्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी संस्थेचा स्वतंत्र सहाय्यता निधी आहे, हे त्या कुटुंबाला ठाऊक नव्हते. स्वाभिमानी माणूस मदत मागत नाही. शाखेनेच अर्ज घेऊन त्याच्या घरी जावे लागते.

आता कार्यक्रमांविषयी. साठ वर्षांखालील, प्रॅक्टिस करणाऱ्या सदस्याला तीन वर्षांच्या टप्प्यात निरंतर शिक्षणाचे १२० तास पूर्ण करावे लागतात आणि त्यांपैकी किमान ६० तास संस्थेने मान्य केलेल्या कार्यक्रमांतून मिळवावे लागतात. तास भरण्यापुरते व्याख्यान ठेवले तरी सभागृह भरते, ही या व्यवस्थेतील मोठी फसगत आहे. विषय आपल्या गावाच्या व्यवहारातून निवडावा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३बी(एच) चे उदाहरण घेऊ. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत न दिल्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. उधारीवर चालणाऱ्या आपल्या टॉवेल आणि चादरीच्या धंद्यात याचा अर्थ फार मोठा होता. रंगाई करून देणाऱ्या नोंदणीकृत लघुउद्योगाला ही तरतूद लागू होते, परंतु सुताचा निव्वळ व्यापार करणाऱ्याला होत नाही, हा भेद अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यांच्या खरेदीखात्यांची उदाहरणे घेऊन समजावला, तेव्हा प्रश्नोत्तरे ठरलेल्या वेळेच्या कितीतरी पुढे गेली. साखर कारखाने, नागरी बँका, पतसंस्था हे आपल्या जिल्ह्याचे असेच विषय आहेत. त्यांवर बोलू शकणारे जाणकारही येथेच आहेत, त्यांना आवर्जून व्यासपीठ द्यावे.

वेळ ठरवताना जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची ११ आणि २० तारीख टाळावी, जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची यात्रा लक्षात घ्यावी आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचे सत्र ठेवू नये. सायंकाळी पाचचे व्याख्यान शहरातील सदस्यांना सोयीचे असते, परंतु करमाळ्याच्या सदस्याला घरी पोहोचायला मध्यरात्र होते. वर्षातून काही कार्यक्रम बार्शी आणि पंढरपूर येथे घ्यावेत. उपस्थिती कमी दिसेल. ती कमी मानू नये.

नवोदित सदस्यांचे प्रश्न बहुधा आचारसंहितेचे असतात. नवे लेखापरीक्षण स्वीकारण्यापूर्वी आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवणे सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार बंधनकारक आहे. सोलापूरसारख्या शहरात तो आधीचा लेखापरीक्षक पुष्कळदा ओळखीचा, कधी तर स्वतःचा गुरूच असतो, आणि संकोचापोटी पत्र टाळले जाते. अशा तरुणाला कलम दाखवून पाठवू नये. पत्र लिहिणे हाच आदर आहे हे त्याला समजावावे, मसुदा करून द्यावा आणि पोच जपून ठेवायला सांगावे. ज्येष्ठ सदस्य रागावले असतील, तर त्यांच्याशी शाखेच्या अध्यक्षांनी स्वतः जाऊन बोलावे.

सदस्यांची यादी कर्जविक्रेत्यांना किंवा सॉफ्टवेअर कंपन्यांना, त्यांनी कार्यक्रमाचे प्रायोजकत्व देऊ केले तरी, देऊ नये. याबाबत कोणताही अपवाद करू नये.

पदाधिकारी बदलतात तेव्हा हिशेब, बँकेच्या सह्या आणि किल्ल्या यांचे हस्तांतर सर्वजण करतात. त्यासोबत आणखी एक कागद द्यावा: कोणत्या सदस्याचा कोणता अर्ज दिल्ली किंवा मुंबईत कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे, कोणाच्या घरी पुन्हा जायचे ठरले आहे आणि वर्षभर कोणाशी एकदाही संपर्क झालेला नाही. नव्या सचिवांनी पहिल्या बैठकीपूर्वी या कागदावरील प्रत्येकाला दूरध्वनी करावा.