सौम्य आम्लाने जिवाणू कणखर होतात का? विरजणावरचा एक प्रयोग

विरजणातील लॅक्टोबॅसिलस जिवाणू स्वतःच आंबट केलेल्या दह्यात तग धरून राहतात. ही सहनशक्ती त्यांच्यात मुळातच असते की सौम्य आम्लाशी गाठ पडल्यावर वाढते, हे सोलापुरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तपासता येते. मात्र सामू (आम्लता दाखवणारा pH) मोजायला कागदी पट्टीवर विसंबू नये. सामूमापकच हवा आणि तो त्याच दिवशी ४ व ७ सामूच्या बफर द्रावणांनी जुळवून घ्यावा.

घरच्या दह्यातून एमआरएस माध्यमावर (लॅक्टोबॅसिलस वाढवण्याच्या पोषक माध्यमावर) एकच वसाहत (जिवाणूंचा ठिपका) निवडून ती द्रवरूप माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला वाढवावी. माध्यम नुकतेच गढूळ होऊ लागले की पुढचे काम हाती घ्यावे. रात्रभर वाढलेले संवर्धन येथे चालत नाही, कारण त्या पेशी आपल्याच लॅक्टिक आम्लात आधीच मुरलेल्या असतात आणि मग सौम्य आम्लात ठेवलेला व न ठेवलेला असे दोन्ही गट सारखेच चिवट निघतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा साधा इन्क्युबेटर ३७ अंशांवर राहत नाही, कारण त्याला तापवता येते, गार करता येत नाही; म्हणून हा प्रयोग हिवाळ्यात केलेला बरा.

संवर्धनाचे दोन समान भाग करून, सेंट्रिफ्यूजने पेशी वेगळ्या काढून एक भाग ६.५ आणि दुसरा ५ सामूच्या ताज्या माध्यमात तासभर ठेवावा. त्यानंतर दोन्हींच्या पेशी ३.५ सामूच्या माध्यमात सोडाव्यात. या सामूला पेशी मरतच नसतील, तर तो थोडा आणखी उतरवावा. सामू उतरवण्यासाठी सर्वत्र हायड्रोक्लोरिक आम्लच वापरावे, कारण लॅक्टिक आम्लाचे अविघटित रेणू पेशीच्या पटलातून थेट आत शिरतात आणि त्याच सामूला अधिक घातक ठरतात. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने) माध्यम निर्जंतुक केल्यानंतर सामू पुन्हा मोजावा. तो थोडा सरकलेला असू शकतो.

०, ३०, ६० आणि ९० मिनिटांनी नमुने घेऊन, दहापटीने विरल करून नेहमीच्या सामूच्या थाळ्यांवर पसरावेत आणि ४८ तासांनी ३० ते ३०० वसाहती असलेल्या थाळ्याच मोजाव्यात. तासभर सौम्य आम्लात राहिलेल्या गटाच्या वसाहती अधिक उरल्या, तर अनुकूलन झाले असे समजावे. अशा पेशी ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर फेकतात, पटलातील मेदाम्लांची रचना बदलतात आणि विस्कटणाऱ्या प्रथिनांना सावरणारी प्रथिने तयार करतात.

नवी प्रथिने खरोखर लागतात का, हे पाहण्यासाठी त्या तासभराच्या टप्प्यात क्लोरॅम्फेनिकॉल (प्रथिननिर्मिती रोखणारे प्रतिजैविक) घातलेला तिसरा गट ठेवावा आणि पेशी ३.५ सामूच्या माध्यमात सोडण्यापूर्वी औषध धुऊन काढावे. औषधामुळे या जिवाणूची वाढ थांबते, याची खात्री मात्र आधीच वेगळ्या नळीत करून घ्यावी.