एमजीबीत उंच चालकाला मीटर नीट दिसावेत म्हणून

सहा फुटांच्या वरचा माणूस एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत बसला की पाय लांबवायला जागा मिळते, डोकंही मावतं, पण स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) स्टिअरिंगच्या रिमआड जातात. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी बनली, आणि दोन्ही मोठे मीटर स्टिअरिंगच्या दांड्याच्या दोन बाजूंना बसवलेले असल्यामुळे हा त्रास जवळजवळ प्रत्येक उंच मालकाला होतो. वेग पाहायला दर वेळी मान वाकवावी लागते आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावर नसते. म्हणून हे काम शोभेच्या दुरुस्त्यांच्या आधी करायचं.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'लहान स्टिअरिंग लावा'. काहींना त्याने फरक पडतो, तर काहींना आधी दिसत होतं तेही दिसेनासं होतं. कारण सरळ आहे. लहान स्टिअरिंगमुळे रिम खाली येते, नाहीशी होत नाही. ती आता तबकडीच्या कुठल्या भागावर आडवी येईल, हे तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर ठरतं.

आधी दोरी लावून बघा

एक पैसाही खर्च करण्याआधी हे करा. नेहमीचे बूट घालून, नेहमीसारखे टेकून बसा. ताठ बसून घेतलेलं माप निरुपयोगी असतं, कारण दहा मिनिटांत पाठ सैल पडते आणि डोळे दोन-तीन सेंटिमीटर खाली येतात. मदतनिसाला पातळ दोरीचं एक टोक स्पीडोमीटरच्या काचेवर बरोबर मध्यभागी धरायला सांगा आणि दुसरं टोक डोळ्याच्या कोपऱ्याजवळ आणा. स्टिअरिंगचा मधला भाग आड येत असेल तर दोरी त्याच्या बाजूने, पण त्याच उंचीवर न्या. दोरी रिमच्या वरून जाते, खालून जाते की रिमलाच टेकते, ते पाहा. मग तबकडीचा वरचा आणि खालचा काठ धरून तेच करा. रिमच्या बाजूला उभी पट्टी धरून तिन्ही जागांवर मास्किंग टेपने खुणा करा. पुढचं सगळं या तीन खुणांवर ठरणार आहे.

हिशोब असा. समजा डोळा तबकडीपासून ७५ सेंमी मागे आणि ३० सेंमी वर आहे, रिम तबकडीपासून २० सेंमी मागे आहे. तर नजरेची रेषा रिमच्या जागी तबकडीच्या मध्यापेक्षा ३० × २० ÷ ७५ म्हणजे ८ सेंमी वरून जाते. सीट ३ सेंमी खाली घेतली तर हा आकडा ७.२ होतो, फरक फक्त ८ मिलिमीटरचा. पण स्टिअरिंग ५ सेंमी डॅशबोर्डकडे सरकवलं तर तो ६ वर येतो, म्हणजे पूर्ण २ सेंमीचा फरक. सीट खाली करायच्या खटपटीत लोक आठवडे घालवतात, पण रिम किती पुढे आहे हे मोजतच नाहीत.

रिमच्या जाडीचाही हिशोब आहे. याच मापांत २५ मिमी जाडीची रिम तबकडीवर सुमारे ३४ मिमी उंचीची पट्टी झाकते, ३० मिमीची चामडी रिम ४१ मिमी. जुन्या एमजीबीचे मोठे मीटर ४ इंची, म्हणजे साधारण १०० मिमीचे. जाड रिम लावली की चाळीस टक्के तबकडी गेलीच. शिवाय अडथळा आडवा असल्यामुळे दोन डोळ्यांचा उपयोग होत नाही, दोघांनाही तोच भाग दिसत नाही.

खालून बघायचं की वरून, हे आधी ठरवा

तबकडीचा फक्त वरचा भाग झाकला जात असेल तर तुम्ही रिमच्या खालून बघणारे आहात. मध्य किंवा खालचा भाग झाकला जात असेल तर रिमच्या वरून बघणं सोपं पडेल. या दोन वाटांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. ते मिसळले की एकाने मिळवलेलं दुसरा घालवतो.

खालून बघणाऱ्याने स्टिअरिंग मोठंच ठेवावं. सुरुवातीच्या गाड्यांवर १६.५ इंची स्टिअरिंग यायचं आणि त्याची रिम बारीक आहे. ते चांगल्या स्थितीत असेल तर बदलू नका. बदलायचंच असेल तर सपाट प्रकारचं, बारीक रिमचं आणि आखूड बॉसचं (स्टिअरिंग दांड्याला जोडणारा मधला तुकडा) घ्या. मोटो-लिटासारखे उत्पादक एकाच व्यासात सपाट आणि खोलगट असे दोन्ही प्रकार देतात. खोलगट प्रकारात रिम चालकाकडे येते, त्यामुळे वरच्या हिशोबातला २० चा आकडा २५ होतो आणि रेषा ८ वरून १० सेंमीवर चढते. खालून बघणाऱ्याला नेमकं हेच नको असतं.

वरून बघणाऱ्याला मात्र खोलगट स्टिअरिंगच उपयोगी. व्यास १४ किंवा १३ इंच. १६.५ वरून १४ वर आलात की रिमचा वरचा काठ ३२ मिमी खाली येतो. स्टिअरिंग कललेलं असल्यामुळे उभ्या मापात थोडा कमी. १३ इंचीला गाडी लावताना जोर सव्वा पटीहून जास्त लागतो, हे धरून चाला. आणि सीट खाली घेऊ नका. छत उघडं ठेवायच्या गाडीत डोळा इतका वर असेल की समोर काचेची वरची चौकटच येते, तर ही वाट सोडून द्या. जीटीत, म्हणजे पक्क्या छताच्या एमजीबीत, ती जास्त जमते.

स्टिअरिंग काढताना

चाकं सरळ करा, बॅटरी सोडवा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या दोन्ही सुटल्या पाहिजेत. दांडा आणि बॉस यांवर आधी खूण करून ठेवा. मधला नट पूर्ण काढू नका, दोन फेरे सैल करून तसाच राहू द्या आणि मग ओढा. स्प्लाइनवर, म्हणजे दांड्याच्या खाचांवर, घट्ट बसलेलं स्टिअरिंग अचानक सुटतं आणि नट नसेल तर थेट तोंडावर येतं. हातोडी तर मुळीच नको, विशेषतः १९६७ नंतरच्या आत दबणाऱ्या दांड्याच्या गाड्यांत. तिथे ठोकलं तर दांड्याचाच घात होतो.

बॉस गाडीच्या वर्षाप्रमाणे वेगवेगळे असतात, त्यामुळे मागवताना चासी क्रमांक द्या. नवीन बॉसवर इंडिकेटर आपोआप बंद करणारी खाच योग्य जागी आहे ना, तेही पाहा. नट किती घट्ट करायचा हा आकडा तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. आखूड बॉस बसवल्यावर रिम आणि इंडिकेटरची दांडी यांच्यात बोटं मोकळी जातात का, हे पूर्ण वळण देऊन तपासा. जेमतेम जात असतील तर तो बॉस वापरू नका.

डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटमध्ये वॉशर घालून दांडाच वर-खाली करण्याचा मोह होतो. तो टाळा. दांडा आणि रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) एका रेषेत बसवलेले असतात. ती रेषा बिघडली की सांधा लवकर झिजतो आणि स्टिअरिंग अडकत फिरतं.

सीट

सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. खालून बघणाऱ्याने त्या काढल्या की सीट खाली येते, पण रूळ थेट गालिच्यावर टेकला तर सरकत नाही. रुळाखालचा गालिचा कापा आणि प्रत्येक बोल्टपाशी ३ ते ५ मिमीचे वॉशर ठेवा. जमीन सपाट नसेल तर बोल्ट आवळताना रूळ पिळला जातो. म्हणून चारही बोल्ट हाताने लावा, सीट पुढे-मागे सरकवा आणि मगच पाना लावा. जुने बोल्ट आता लांब पडतील, त्याच आट्यांचे आखूड घ्या. जमिनीतले नट गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

नवा फोम टाकलेल्या सीटवर मालक दोन-तीन सेंटिमीटर वर बसतो, कारण जुना फोम दबलेला असतो. गादीवाल्याला खालच्या बाजूने २५ मिमी फोम कापायला सांगा. वरचा आकार तसाच राहतो. खालचा रबरी पडदा फाटका असेल तर आधी तो बदला, नाहीतर उंची दर महिन्याला बदलत राहील.

रुळांची पुढची टोकं १० मिमी उचलली तर सीट दीड अंशाच्या आसपास मागे कलते आणि डोकं सुमारे २ सेंमी मागे जातं. मांड्या मात्र वर येतात. त्या रिमला लागत असतील तर लगेच पूर्ववत करा.

मीटर फिरवणं आणि कलवणं

टॅकोमीटर मागच्या ब्रॅकेटचे नट सैल करून आपल्या जागेवरच फिरवता येतो. लाल पट्टा (इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा) दिसणाऱ्या भागात आणा. शर्यतीच्या गाड्यांत ही जुनी पद्धत आहे. स्पीडोमीटरला हे चालत नाही, किलोमीटरचे आकडे तिरपे होतात. तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान एकत्र दाखवणाऱ्या सुरुवातीच्या मीटरला हात लावताना सावध राहा. तापमानाची बारीक नळी मुडपली किंवा तुटली की तो भाग बाद.

तबकडी वर कलवायची असेल तर रिंगच्या खालच्या अर्ध्या भागामागे २ ते ३ मिमी रबर घाला. मग काचेवर छोटा आरसा सपाट धरून नेहमीच्या जागेवरून बघा. आरशात स्वतःची हनुवटी किंवा सदरा दिसला तर कोन बरोबर. आकाश दिसलं तर कोन जास्त झाला, दिवसा काच चकाकणार. उघड्या गाडीत हा फरक मोठा पडतो.

रात्रीचा उजेड

एवढं करून रात्री दिसत नसेल तर दोष बहुधा विजेचा असतो. मीटरच्या दिव्यांना लाल रंगावर पांढरी रेघ असलेली वायर जाते. दिवे चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीच्या आकड्याशी ताडा. १२ च्या बल्बला १०.५ च मिळत असतील तर उजेड दोनतृतीयांशाच्याही किंचित खाली जातो. मंद-प्रखर करणारा रोधक गंजलेला असतो. त्याची दोन टोकं तात्पुरती जोडून बघा, उजेड वाढला तर तो साफ करा किंवा बदला. अर्थिंगही, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणीही, मोजा. मीटरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या अर्थपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काळी वायर नव्याने जोडा.

मूळ बल्ब २.२ वॅटचा. एलईडी लावणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या) आहेत, तिथे साधा एलईडी पेटणार नाही. आणि अल्टरनेटरच्या गाडीत चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब बदलू नका, त्यातून जाणाऱ्या विजेवरच अल्टरनेटर जागा होतो. जुन्या रोधकावर एलईडी नीट मंदही होत नाही.

मीटर उघडलाच असेल तर काच आतून पुसा आणि डब्याच्या आतल्या भिंतींना मॅट पांढरा रंग द्या. काट्यावर रंगाचा जाड थर देऊ नका, वजन वाढलं की काटा चुकीचा आकडा दाखवतो.