क्रांतिकारकाचं चरित्र निवडायचंय? आधी त्याचा शेवटचा दिवस वाचा

क्यूबाच्या क्रांतीत लढलेल्या चे गव्हेराचा तो फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. टोपीवर तारा, विस्कटलेले केस, नजर लांब कुठेतरी. ५ मार्च १९६० रोजी हवानातल्या एका शोकसभेत आल्बेर्तो कोर्दाने तो टिपला आणि पुढे तो टीशर्टपासून भिंतींपर्यंत सगळीकडे पोहोचला. चेहरा इतका सवयीचा झाला की माणूसही ठाऊक आहे असं वाटायला लागतं. मग त्याच्यावरचं पहिलं दिसेल ते पुस्तक आपण उचलतो आणि तिथेच फसतो. नावाजलेल्या क्रांतिकारकांवर पुस्तकं ढिगाने असतात, पण त्यातली कित्येक आरती तरी असतात, नाहीतर आरोपपत्र तरी.

ढीग चाळायची माझी रीत मी चेचंच उदाहरण घेऊन सांगतो. माणूस बदलला तरी ती चालते.

आधी स्वतःला विचारा: मला यातलं काय हवंय?

१९५२ मध्ये मित्राबरोबर मोटरसायकलवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघालेला वैद्यकीय विद्यार्थी, क्यूबातल्या सिएरा माएस्त्राच्या डोंगरातला गनिमी योद्धा, क्यूबाच्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष आणि मग उद्योगमंत्री, हे सगळे एकच गृहस्थ. काही पुस्तकं प्रवासात रमतात आणि मंत्रिपदाची वर्षं चार पानांत उरकतात. प्रवासच वाचायचा असेल तर त्यात वावगं काही नाही. पण संपूर्ण माणूस हवा असेल तर अनुक्रमणिका उघडून कोणत्या वर्षांना किती पानं दिलीत ते बघा.

मग शेवटाकडे जा

पहिलं प्रकरण वाचून पुस्तक निवडू नका. बालपण बहुतेकांना बरं लिहिता येतं. त्याऐवजी मृत्यूचं प्रकरण काढा. ८ ऑक्टोबर १९६७ रोजी चे बोलिव्हियात पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी ला इगेरा गावच्या शाळेत त्याला गोळ्या घातल्या. लष्कराने मात्र तो लढाईत झालेल्या जखमांनी मेला असं जाहीर केलं होतं. त्या खोलीत आणि खोलीबाहेर मोजकी माणसं होती. त्यातल्या प्रत्येकाला पुढे काही ना काही लपवायचं होतं किंवा मिरवायचं होतं. त्यामुळे त्याचे शेवटचे शब्द म्हणून जे छापलं जातं ते पुस्तकागणिक बदलतं.

चरित्रकाराची जात इथे कळते. कच्चा लेखक त्यातलं सर्वांत बाणेदार वाक्य उचलतो आणि उद्गारचिन्ह लावून मोकळा होतो. चांगला लेखक थांबतो: हे कोणी ऐकलं, त्याने ते कधी सांगितलं, किती वर्षांनी, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? दोन पुस्तकं शेजारी ठेवून फक्त हा एक दिवस वाचा. अर्ध्या तासात निकाल लागतो.

नंतर अडचणीची पानं

प्रत्येक क्रांतिकारकाच्या आयुष्यात भक्तांना नकोशी आणि विरोधकांना हवीशी अशी काही पानं असतात. चेच्या बाबतीत ती ला काबान्याची. १९५९ च्या सुरुवातीला, क्रांती जिंकल्यावर, तो हवानातल्या या किल्ल्याचा प्रमुख होता, तिथे क्रांतिकारी न्यायालयं चालली, देहदंड झाले आणि शिक्षांवरची अपिलं त्याच्यापुढे येत. किती जणांना मारलं याचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हे प्रकरण दोन ओळींत गुंडाळणारं पुस्तक परत ठेवा. सर्वांत मोठा आकडा आधाराशिवाय फेकणारंही ठेवा.

दुसरं पान काँगोचं. तिथल्या बंडखोरांच्या मदतीला तो गेला होता; १९६५ मधली ती मोहीम साफ फसली आणि त्याने स्वतःच ती अपयशाची कहाणी म्हणून लिहून ठेवली. नायकाने कबूल केलेलं अपयश चरित्रकाराला पचत नसेल तर आपण काय समजायचं ते उघड आहे.

भगतसिंगांच्या बाबतीत कसोटी थोडी वेगळी लागते. तिथे पिस्तूल ठळक दिसतं आणि वाचन झाकलं जातं. तुरुंगातली टिपणवही, १९३० मधला नास्तिकतेवरचा निबंध, यांना पुस्तकात जागा आहे का ते पाहा. आणि दरवर्षी फिरणारा तो मेसेज, फाशी १४ फेब्रुवारीला झाली म्हणे! शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला, फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोरमध्ये. एवढीही तारीख ज्याने तपासली नाही त्याने बाकी काय तपासलं असेल?

प्रकाशनाचं साल

याकडे सहसा कोणी बघत नाही. काँगोचं ते लिखाण १९९० च्या दशकापर्यंत दडून होतं, म्हणजे त्याआधीच्या चरित्रांत १९६५ च्या जागी भोक आहे. चेला कुठे पुरलं हेही १९९५ पर्यंत गुपित होतं. बोलिव्हियाच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने ते एका चरित्रकाराजवळच बोलून टाकलं आणि १९९७ मध्ये बोलिव्हियातल्याच वायेग्रांदे गावच्या धावपट्टीजवळ अवशेष सापडले. रशियन क्रांतिकारकांसाठी अशी रेघ १९९१ च्या आसपास पडते, सोव्हिएत दप्तरं उघडू लागली तेव्हा. जुनं पुस्तक टाकाऊ असतं असं नव्हे, पण एकच घ्यायचं असेल तर नंतरचं घ्या. आवृत्तीचं साल आणि पुनर्मुद्रणाचं साल यात मात्र गल्लत करू नका.

मागची पानं आणि ऋणनिर्देश

टिपा, संदर्भसूची, नामसूची आहे का, हे एका मिनिटाचं काम. ऋणनिर्देश मात्र सावकाश वाचा. खाजगी कागद कोणी दाखवले, कोणत्या सरकारने दारं उघडली, हे तिथे कळतं. ज्याने दार उघडलं त्याच्याबद्दल लेखक पुढे जरा मऊ लिहितो का, हे वाचताना ध्यानात ठेवायचं. घरच्यांच्या आणि सोबत्यांच्या आठवणी वाचाव्यात, त्यात जिव्हाळा असतो. फक्त त्यांना चरित्र समजू नये.

बंद खोलीतले लांबलचक संवाद दिसले तर ती चरित्रात्मक कादंबरी आहे. आपल्याकडे हा प्रकार लाडका आहे, मलाही आवडतो, पण तारखा त्यातून उचलू नयेत. अनुवाद घेताना तो संक्षिप्त आहे का आणि टिपा गाळल्यात का ते पाहा.

शेवटी एक छोटी चाचणी. चेच्या जन्मदाखल्यावर १४ जून १९२८ आहे. १९९७ च्या एका गाजलेल्या चरित्राने मात्र खरी तारीख महिनाभर आधीची असल्याचं म्हटलं, कारण लग्नाच्या वेळीच आई गरोदर होती. तुमच्या हातातलं पुस्तक या वादाची दखल घेतं का, पहिल्याच पानांत पाहून घ्या.