मणक्यातला स्टिम्युलेटर: ट्रायलच्या आठवड्यात या चुका टाळा

मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, तरी पाय ठणकतोच. अशा काही रुग्णांना पेन क्लिनिकमध्ये स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर सुचवतात. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक वायर सरकवून सौम्य करंटने वेदना बोथट करायची, अशी ही पद्धत; मज्जारज्जूला करंट देण्याची मूळ कल्पना १९६७ पासूनची. कायमचं यंत्र बसवण्याआधी साधारण आठवडाभर ट्रायल असते. तेव्हा बॅटरी शरीराबाहेरच राहते.

सगळ्यात मोठी चूक याच आठवड्यात होते. वायर हलेल या धास्तीने माणूस पलंगच सोडत नाही. पडून राहिलं की दुखणं तसंही कमी वाटतं, मग यंत्राने काय केलं ते कळणार कसं? वाकणं, कंबर पिळणं, हात डोक्यावर नेणं टाळायचंच. पण चाला, जेवायला बसा, ओट्याशी उभे राहा. ‘आधी दहा मिनिटांत बसावं लागायचं, आता भाजी चिरून होते’ ही नोंद डॉक्टरांच्या फार कामाची. वेदना निम्म्याने तरी उतरली तरच पुढे जायचं, असा सर्वसाधारण निकष आहे. पायात उतरणारी कळ जास्त दबते, नुसती कंबर तितकी नाही.

एवढा खर्च झालाय म्हणून ‘बरं आहे’ म्हणू नका. २०२२ साली नॉर्वेत ५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ‘बर्स्ट’ प्रकारचा (थांबून थांबून झटक्यांत सोडलेला) करंट चालू असताना आणि करंट बंद असताना रुग्णांच्या रोजच्या हालचालींत काही तफावत दिसली नाही. त्यामुळे ट्रायलमध्ये गुण आला नाही, तर तसं स्पष्ट सांगावं.

पाठीवर आडवं होताच करंटमुळे जाणवणाऱ्या मुंग्या वाढतात, कारण मज्जारज्जू वायरच्या जवळ येतो. झोपण्याआधी करंट कमी करा. मुंग्या पाय सोडून बरगडीशी आल्या तर बहुधा वायर सरकली आहे. रिमोटशी झटापट न करता क्लिनिकला कळवा. ताप आला किंवा ड्रेसिंग ओलं झालं तर त्याच दिवशी दाखवा. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर थेट इमर्जन्सी गाठा.

कायमचं यंत्र बसल्यावर शेक घ्यायला जाल तेव्हा जपा. शॉर्टवेव्ह डायथर्मीने (फिजिओथेरपीत यंत्राच्या लहरींनी आतपर्यंत दिला जाणारा शेक) वायरचं टोक तापून आतल्या नसांना गंभीर इजा होऊ शकते. यंत्राचं कार्ड पाकिटात ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला व एमआरआयवाल्यांना आधी दाखवा.