गोव्यात कॉलेज किंवा नोकरी धरताय? आधी शेवटची गाडी विचारून घ्या

मी सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या पुढे आत आमचं गाव. बारावीनंतर पणजीला बीकॉम, मग गोवा विद्यापीठात एमकॉम, मग वेर्ण्याला एका कंपनीत अकाउंट्सला नोकरी. २०१३ पासून दहा वर्षं मी सगळीकडे बसनेच फिरले, कारण घरात एकच स्कूटर नि ती बाबांना लागायची. आता जून आला की ओळखीपाळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात, आमच्या सत्तरीतल्या तर होतातच पण दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या पण, की ताई पणजीत अ‍ॅडमिशन झालं, रूम कुठे बघू, वेर्ण्याला जॉब लागतोय, घरनं येऊनजाऊन जमेल का. मी उलट एकच विचारते, तिथून संध्याकाळी शेवटची गाडी कितीला आहे? आणि आजपर्यंत एकानेही पटकन उत्तर दिलेलं नाही.

रूम बघताना भाडं बघतात, पाणी बघतात, मुलगी असेल तर घरमालकीण कशी आहे ते बघतात, सगळं बरोबरच आहे, पण गाडीचं कोणी बघत नाही, गोवा केवढासा, मिळेल की बस, असं धरूनच चालतात. गोवा लहान आहे ते खरंच, पणजी ते म्हापसा साधारण १३ किलोमीटर, फोंडा तीसेक, मडगाव ३३-३४. पण सकाळी नऊचं हे अंतर वेगळं आणि रात्री साडेआठचं वेगळं. सकाळी म्हापशाहून पणजीला उभ्या उभ्या का होईना गाडीमागून गाडी मिळते आणि रात्री आतल्या गावात जायचं असेल तर तेवढेच किलोमीटर कोणाच्या तरी बाईकवर बसून काढावे लागतात.

आधी गाड्यांचा कारभार समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. कदंब म्हणजे सरकारी, १९८० साली सुरू झालेलं महामंडळ. त्याच्या आधी इथे खाजगी गाड्यांचंच राज्य होतं, आणि १९७८-७९ ला विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटासाठी मोठं आंदोलन केलं होतं, आमच्या आधीच्या पिढीतली माणसं अजून त्याबद्दल भरभरून बोलतात. विद्यार्थ्यांच्या सवलतीमागे एवढी मेहनत आहे, तेव्हा कदंबचा पास पहिल्याच आठवड्यात काढा, उद्या काढू परवा काढू करत पहिला महिना फुकट घालवू नका. फक्त पास घेऊन कुठल्याही गाडीत चढू नका. साध्या खाजगी गाडीत तो चालत नाही, आणि म्हजी बस योजनेखाली ज्या खाजगी गाड्या कदंबसाठी धावतात त्यात चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या.

गावागावात फिरणाऱ्या गाड्या मात्र अजूनही जास्त करून खाजगीच. ह्या गाडीला परमिट असतं, टायमिंग ठरवून दिलेलं असतं, एका गाडीच्या मागे चार-पाच मिनिटांनी दुसरी लागलेली असते. मालकाला दिवसाचं कलेक्शन हवं असतं, त्यातून डिझेल, ड्रायव्हर, कंडक्टर, हप्ता. म्हणून पहिल्या अर्ध्या रस्त्यात गाडी प्रत्येक तिठ्यावर रेंगाळते, कंडक्टर गल्लीच्या तोंडाशी बघत राहतो कोणी येतंय का, आणि मागची गाडी दिसली की पुढचा अर्धा रस्ता अशी हाणतात की उभ्याला दांडी घट्ट धरावी लागते. नवीन माणसाला वाटतं हे लोक बेशिस्त आहेत. काही असतीलही, पण कारण पोटाचं आहे, आणि ते समजलं की तुम्हाला वेळ धरायला सोपं जातं. माझा हिशोब असा होता, गाडी अर्धी रिकामी असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्त धरायची, स्टँडवरूनच खच्चून भरली असेल तर वेळेवर पोचणार.

आता लग्नाची गोष्ट. एसवायला होते, सकाळी साडेनऊला पेपर. आमच्या गावातनं तेव्हा सकाळी एकच खाजगी गाडी होती, ती वाळपईला सोडायची, तिथनं दुसरी धरून साखळी, डिचोली करत म्हापसा नि मग पणजी. मी नेहमीसारखी तिठ्यावर उभी. सहा वाजले, सव्वासहा झाले, गाडीचा आवाज नाही. दूध घालून परत येणारे एक काका थांबले नि म्हणाले, "बाये, आज गाडी लग्नाक गेल्या." गाडी वऱ्हाडाला दिली होती, गावात ज्यांना कळायचं त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं, मला नव्हतं. काकांनी सायकल तिथेच टाकली, शेजारच्या घरातून एकाला उठवून बाईक काढायला लावली, त्याने मला वाळपईपर्यंत आणलं, तरी पुढचं गणित चुकलं ते चुकलंच. वर्गात पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटं झालेली, आत घेतलं नाही. तो विषय पुढच्या वर्षी परत दिला. बाहेरच्या बाकावर बसून मी खूप रडले होते, अभ्यास सगळा झालेला होता म्हणून जास्त वाईट वाटलं.

ही अशी अडचण तुम्हाला गावातल्या एकुलत्या एक गाडीवर अवलंबून असाल तर येणारच. लग्नसराई, जत्रा, शाळेची पिकनिक, मोठी सभा, सगळ्याला गाड्या जातात, आणि ज्या रस्त्यावर दिवसाला वीस गाड्या आहेत तिथे एक गेली तर काही कळत नाही, जिथे एकच आहे तिथे सगळं गाव अडकतं. म्हणून रूम घ्या किंवा घरनं या, पण किमान दोन वेगळ्या मालकांच्या गाड्या जिथे येतात त्या रस्त्यावर राहा. आणि गावात कदंबची वस्तीची गाडी असेल तर नशीब समजा. ही गाडी रात्री गावात येऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात नि पहाटे तीच गाडी निघते, त्यामुळे सकाळी गाडी दुसरीकडून यायची वाट बघायची नसते, ती रात्रीपासून देवळासमोर उभीच असते. आमच्या शेजारच्या वाड्याला ती होती. त्या पेपरनंतर मी रोज पंचवीस मिनिटं चालून तिकडे जायला लागले, पावसात पण, हातात बॅटरी घेऊन. माझं ग्रॅज्युएशन त्या गाडीवर झालं असं मी आजही म्हणते. थंडीत काचा धुक्याने पांढऱ्या व्हायच्या, कंडक्टर पुढची काच जुन्या टॉवेलने पुसत बसायचे, मी चढले की न विचारता घड्याळाकडे बघायचे नि मान हलवायचे, म्हणजे आहे वेळ.

पणजीत पोचलात की शटल शिकून घ्या. पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा ह्या मार्गांवर कदंबच्या शटल आहेत, मध्ये कुठे थांबत नाहीत. पाटोच्या स्टँडवर खिडकीवर तिकीट घ्यायचं नि रांगेत उभं राहायचं, गाडी लागली की क्रमाने चढायचं. संध्याकाळी साडेपाच-सहाला ही रांग बघून नवीन पोरं घाबरतात नि बाहेरची साधी गाडी धरतात. घाबरू नका, रांग सरकते, आणि वाटेत कुठेही न रेंगाळता पोचायची खात्री तिच्यातच आहे. सुट्टे पैसे मात्र ठेवा, मागे सगळे उभे असताना पाचशेची नोट काढून बरं वाटत नाही.

शटलने एकच चूक होते नि ती मी स्वतः केली आहे. वेर्ण्याच्या इंटरव्ह्यूला मी पणजीहून मडगाव शटलमध्ये बसले, म्हटलं वाटेतच तर आहे, उतरू. नॉनस्टॉप म्हणजे नॉनस्टॉप, वेर्णा खिडकीतून मागे गेलं नि मी मडगावला पोचून परत उलट आले. वेर्णा, बांबोळी, कुठ्ठाळी असं मधलं ठिकाण असेल तर साधी गाडीच धरायची. आणि वेर्ण्याला हायवेवर उतरलात म्हणजे कंपनीत पोचलात असं नाही, इंडस्ट्रियल इस्टेट आत खूप पसरलेली आहे, फेज विचारून घ्या. मला स्टॉपवरून आत चालत पंचवीस मिनिटं लागायची, उन्हाळ्यात सावलीला झाड नाही. सकाळी पायलट मिळायचे, म्हणजे आपले मोटरसायकल टॅक्सीवाले, पण रोज जाऊनयेऊन ते पैसे पगारातनं काढायचे की नाही ते आधीच ठरवा. कंपनीची बस आहे म्हणून सांगतात तेव्हा ती कुठल्या गावातनं सुटते, नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून बसायला मिळते का आणि शिफ्ट संपल्यावर किती वेळ थांबते, हे तिन्ही प्रश्न जॉइन व्हायच्या आधी विचारा. मी फक्त बस आहे का एवढंच विचारलं होतं.

माझी नोकरी लागली २०१८ ला. तेव्हा वाटेत झुआरी नदीवर जुना पूलच होता, कुठ्ठाळीला अडकलं की तास दीड तास कधी गेला कळायचं नाही, बसमध्ये उभ्या उभ्या माणसं डोळे मिटून घ्यायची. नवीन पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला नि माझा संध्याकाळचा वेळ एकदम कमी झाला, त्या आधी जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला त्याने म्हापशाकडचं थोडं सुटलं. पण रस्ता मोकळा झाला तरी रात्रीच्या गाड्या वाढत नाहीत. संध्याकाळी साताच्या पुढे माणसं कमी, रिकामी फेरी मारायची तर डिझेल मालकाच्या खिशातनं, मग फेरी सोडून दिली जाते. कोविडनंतर तर आमच्या भागात काही मालकांनी गाड्या परत रस्त्यावर आणल्याच नाहीत. आठची गाडी कागदावर असेल, स्टँडवर तुम्ही उभे असाल, आणि गाडी येणार नाही.

म्हणून शेवटची गाडी ही बोर्डवर वाचायची गोष्टच नाही. ती संध्याकाळी स्टँडवर जाऊन त्याच मार्गावरच्या कंडक्टरला विचारायची, आणि प्रश्न नीट विचारायचा. शेवटची गाडी कितीला असं विचारलं तर परमिटवरची वेळ सांगतील. काल रात्री शेवटची कितीला सुटली असं विचारा. आणि तिच्या आधीची जी गाडी असेल ती आपली शेवटची समजून चाला. मी वेर्ण्याला असताना साखळीला राहायचे सोडून पर्वरीला रूम घेतली ती ह्याच कारणाने. भाडं दोन हजाराने जास्त गेलं, आई महिनाभर बोलत होती. पण महिनाअखेरीला क्लोजिंगला उशीर झाला तरी पणजीला पोचले की म्हापशाची कुठलीही गाडी पर्वरीवरनंच जाते, घरी फोन करून कोणाला बोलवायची वेळ परत कधी आली नाही. चोडण-दिवाडी ह्या बेटांवर रूम स्वस्त मिळते, गावं सुंदर आहेत, पण तिथे फेरीबोट धरून मग बस धरायची, दोन्हींचं जमलं पाहिजे.

रविवारचं वेगळं बघा. आठवड्याच्या वारी गाडी आहे म्हणजे रविवारी आहे असं नाही, अर्ध्या गाड्या उभ्या असतात. चवथीला तर दोन-तीन दिवस धरायचंच नाही, ड्रायव्हर-कंडक्टर पण आपापल्या घरी गणपतीला गेलेले असतात नि ते योग्यच आहे. तेव्हा हॉस्टेलला परतायचं असेल तर आधीच्या दिवशी निघा. ३ डिसेंबरला ओल्ड गोव्याचं फेस्त म्हणजे सेंट झेवियरचा उत्सव, शिगम्याची नि कार्निव्हलची मिरवणूक, ह्या दिवशी रस्ते वळवतात, गाडी नेहमीच्या ठिकाणी थांबत नाही. सत्तरीसारख्या भागात पावसात झाड आडवं पडलं तर गाडी अर्ध्या वाटेतनं परत फिरते.

माणसं जोडा हे मी सगळ्यांना सांगते. बाहेरून आलेल्या पोरांना सुरवातीला ते "फुडें वच, फुडें वच" ओरडणं रागाचं वाटतं, तसं नसतं, पुढे जागा असते म्हणून सांगतात. हळूहळू ओळख होते. आमच्या मार्गावरचा एक कंडक्टर, नोटा उभ्या घडी घालून बोटांत अडकवलेल्या, सुट्टे तळहातात खुळखुळवत यायचा, पत्र्यावर दोन थापा मारल्या की गाडी निघायची. त्याला मी पहिल्यांदा नंबर मागितला तेव्हा मलाच संकोच वाटला होता. पण नंतर कितीतरी वेळा सकाळी पाचला त्याचाच फोन आलाय, ताई आज गाडी गॅरेजला आहे, तुम्ही सहाची धरा. माझ्या दोन परीक्षा त्या फोनमुळे वाचल्या. तिकीट मात्र ओळख असली तरी मागून घ्या, नाहीतर बॅग विसरलात तर कुठल्या गाडीत होतात ते पण सांगता येत नाही.

ह्या वर्षी माझ्या मामेबहिणीचं फर्मागुडीला इंजिनिअरिंगला झालं. ती फोंड्यात रूम बघणार होती, मावशीने ओळखीची एक आतल्या गावातली स्वस्त खोली सुचवली होती. आम्ही दोघी मंगळवारी संध्याकाळी सातला फोंड्याच्या स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या, काही न करता, नुसत्या बघत. त्या गावची सव्वासातची गाडी आली. पावणेआठची आलीच नाही. तिथल्या एका कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, ती आता फक्त शनिवारी येते, बाजाराला. मग रविवारी परत गेलो, तेव्हा साडेसहानंतर काहीच नव्हतं. तिने वहीत दोन्ही दिवसांच्या वेळा लिहून घेतल्या नि दुसऱ्या दिवशी फर्मागुडीला कॉलेजपासून चालत जाता येईल अशी खोली नक्की केली, आठशे रुपये जास्त देऊन.