टायटॅनियमचे ॲनोडायझिंग: या चुका टाळा

टायटॅनियमला रंग देण्यासाठी रंगद्रव्य लागत नाही. ॲनोडायझिंगमध्ये वस्तू द्रावणात बुडवून डीसी पुरवठ्याच्या धन टोकाला जोडतात. विद्युतदाब वाढेल तसा ऑक्साइडचा पारदर्शक थर जाड होतो आणि प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे, म्हणजे थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्याने, रंग दिसतो. साधारण 30 व्होल्टला निळा, 60 च्या आसपास पिवळा, 100 च्या पुढेमागे हिरवा, एवढे पाठ झाले की नवशिक्याला विद्या आली असे वाटते आणि जोडणीकडे पाहण्याचा धीर त्याला उरत नाही.

तांब्या-पितळेची क्लिप द्रावणात बुडवण्याची चूक तर मी पाहून थकलो आहे. एका कारखान्यात विरल सल्फ्युरिक आम्लात टायटॅनियमचे स्क्रू पितळी क्लिपने टांगले होते. दाब दहा-बारा व्होल्टच्या वर चढेना, तेव्हा पॉवर सप्लाय बिघडल्याचे ठरवून तिथल्या मुलाने प्रवाहाची मर्यादा वाढवत नेली. मी पोहोचलो तेव्हा द्रावण निळसर झाले होते, स्टेनलेस स्टीलच्या कॅथोडवर (ऋण टोकाच्या पट्टीवर) तांब्याचा गुलाबी लेप बसला होता आणि स्क्रू मात्र तपकिरीच राहिले होते. टायटॅनियमवर थर बसला की प्रवाह आपोआप घटतो. पितळेवर असा रोधक थर बसत नाही, म्हणून प्रवाह क्लिपमधून वाहत राहतो आणि क्लिपच विरघळते. मी टायटॅनियमच्याच तारेचा आकडा करतो आणि क्लिप द्रावणाच्या वर ठेवतो. ॲमीटरचा काटा खाली येत नसेल तर नॉबला हात लावू नये.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. डिमरस्टॅटला (दाब कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाला) रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा भाग, जोडून काम भागवणारे विसरतात की तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे त्यात एकच सामाईक वेटोळे असते. तो दाब कमी करतो, पण घरातल्या वीजपुरवठ्यापासून टाकी वेगळी करत नाही. मीटर 30 व्होल्ट दाखवत असताना जमिनीच्या तुलनेत द्रावण 230 व्होल्टवर असू शकते. टाकी वीजपुरवठ्यापासून वेगळी करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचे पैसे वाचवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्या टाकीजवळ जात नाही. तो ट्रान्सफॉर्मर असला तरी 100 व्होल्ट डीसी हा खेळ नव्हे; रबरी हातमोजे घालावेत आणि वस्तू बदलण्याआधी पुरवठा बंद करावा.

बोटांचे ठसे राहिले तर रंगावर डाग पडतात, म्हणून ॲसिटोनने पुसल्यावर वस्तूला उघडा हात लावू नये. नळाचे पाणी वापरू नये. रंग पुढे गेला तर दाब उतरवून तो मागे येत नाही, थर काढूनच टाकावा लागतो. त्यामुळे दाब नेहमी खालून वर, सावकाश न्यावा.

झगझगीत हिरव्यासाठी पृष्ठभाग आधी कोरून घ्यायला काही जण घरी अत्यंत घातक हायड्रोफ्लोरिक आम्ल आणतात. त्या आम्लाने भाजल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल आणि ते आम्ल हाताळण्याचे प्रशिक्षण नसलेल्याने फिक्या हिरव्यावर समाधान मानावे.